फ्रोइलानची जागा

११ जून १९६३, सान क्रिस्पिन खाणवसाहत

काल दुपारी येथे पोहोचलो. जन्म सुक्रेचा आणि गेली बारा वर्षे ला पासच्या उंचीवर वास्तव्य असूनही येथील विरळ हवा मला पुरत नाही. अतिथिगृहाच्या अकरा पायऱ्यांत दोनदा थांबावे लागले.

योजना मंडळाने सोपवलेले काम एका वाक्यात मावते: ही कथिलाची खाण किती माणसांनी चालावी, आणि जी माणसे उरतील त्यांचे काय करावे. पहिल्या प्रश्नास मंडळ उत्पादकता म्हणते, दुसऱ्यास सामाजिक विकास. अहवालात दोन स्वतंत्र प्रकरणे हवी आहेत. वीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यानंतर मी श्रमगणनेकडे वळलो, तेव्हापासून माझा नियम एकच आहे: आधी व्याख्या, मग मोजणी. येथील व्याख्या तयारच आहे. ज्याच्या नावाचा पितळी बिल्ला हजेरीच्या फळ्यावर टांगलेला आहे, तो कामगार. बिल्ल्यावर घर मिळते, रेशन दुकानातील पाव, मांस, साखर मिळते, मुलांना शाळा मिळते. बिल्ला गेला की तीस दिवसांत घर रिकामे करावे लागते. एवढी स्वच्छ व्याख्या मला अन्यत्र आढळली नव्हती.

पत्नी मर्सेदेसला जाऊन नव्वद दिवस झाले. वही पुन्हा सुरू करण्याचे कारण एवढेच की दिवसाला काहीतरी आकार असावा.

१३ जून

कायद्याच्या पदवीमुळे आपल्या देशात मला सर्वजण डॉक्टर म्हणतात. आज त्याचा परिणाम असा झाला की सकाळीच एक म्हातारा खाणकामगार सदरा वर करून समोर उभा राहिला आणि छाती तपासा म्हणाला. मी औषधाचा डॉक्टर नसून कायद्याचा आहे, हे त्यास शांतपणे सांगितले.

तो सदरा खाली घेत म्हणाला, "मग एक कायदा लिहून द्या ना, डॉक्टर. फुप्फुसांना दाखवतो. औषधाला तर ती जुमानत नाहीत."

बाहेर बाकावर बसलेली माणसे हसली. त्याच्या गालात कोकाच्या पानांची गोळी होती, त्यामुळे तो स्वतः हसला की नाही ते समजले नाही.

१६ जून, रविवार

अतिथिगृहातील कपडे धुण्यास रविवारी बासिलिया नावाची विधवा येते. वय चाळिशीच्या पुढचे, बोलणे नेमके. हाताच्या बोटांना उभ्या भेगा आहेत, पाण्यामुळे असाव्यात. वसाहतीतील कुटुंबांची नमुना पाहणी कोठून तरी सुरू करायचीच होती, म्हणून तिच्यापासून केली. घरात सासू आणि दोन मुली. पती फ्रोइलान पाच वर्षांपूर्वी दरड कोसळून गेला.

मी विचारले, आपण सध्या काय करता?

ती म्हणाली, "मी फ्रोइलानच्या जागेवर आहे, डॉक्टर."

त्याच्या निधनानंतर जागा कशी राहिली, असे विचारता ती म्हणाली की येथे तशीच रीत आहे, सगळ्याजणींची तशीच राहते. ही रीत नियमबाह्य दिसते, परंतु तो प्रश्न घरवाटप विभागाचा आहे. मी नोंद केली: निवास, मृत पतीच्या जागेत. व्यवसाय, नाही.

२२ जून

इंजिनिअर उबाल्दो यांनी आज दहा वाजता निवडणीचे आवार दाखवले. ते व्यवस्थापक म्हणून तीन महिन्यांपूर्वीच आले आहेत. वय चौतीस, उत्साह त्याहून कमी वयाचा. खाणीतून वर आलेल्या दगडांचा ढीग येथे ओततात, तो हातोडीने फोडून कथील असलेले तुकडे वेगळे करतात आणि गिरणीकडे पाठवतात. हजेरीपत्रकाप्रमाणे येथे एकोणपन्नास कामगार आहेत. मला पुरुष अकरा दिसले. ढिगाजवळ मात्र बायका पुष्कळ होत्या, टोपीवर शाल ओढून, मांडीशी दगड घेऊन बसलेल्या. इंजिनिअर म्हणाले, "त्या होय? कुणाच्या ना कुणाच्या घरातल्या आहेत. पूर्वीपासून येतात, हातभार लावतात." हातभार ही संज्ञा श्रमगणनेत 'बिनपगारी कौटुंबिक साहाय्य' या सदरात येते. ते सदर कामगारसंख्येत धरत नाहीत.

थंडी तीव्र होती. पंधरा मिनिटांत परतलो.

२८ जून

महत्त्वाचा दिवस. हजेरीपत्रकातील नावे मी चर्चच्या मृत्युनोंदवहीशी ताडून पाहिली. ही पद्धत माझी स्वतःची आहे आणि ती अन्य खाणींत कोणी वापरल्याचे मला ठाऊक नाही. निवडणीच्या आवारातील एकोणपन्नासांपैकी अडतीस नावे दोन्ही वह्यांत आहेत. म्हणजे पत्रकानुसार हे अडतीसजण रोज काम करतात, आणि चर्चनुसार ते मृत आहेत. मृत मनुष्य काम करीत नाही. तेव्हा पत्रक खोटे आहे.

हजेरी कारकून डॉन साबिनो यांना बोलावले. एकतीस वर्षे ते हजेरी घेत आहेत. बिल्ला क्रमांक तीनशे सतरावर बोट ठेवून मी विचारले, हा मनुष्य कामावर येतो का?

"येतो, डॉक्टर."

हा मनुष्य एकोणीसशे अठ्ठावन्न साली वारला आहे.

"हो. मीच त्याच्या पेटीला खांदा दिलाय."

आणि तरीही येतो?

"एक दिवस चुकवत नाही. बर्फ पडलं तरी येतो."

त्यांच्या चेहऱ्यावर उद्धटपणाचा मागमूस नव्हता. डोंगरावरील या लोकांच्या मृतांविषयीच्या समजुतींबद्दल मी वाचले आहे. त्यांच्याशी वाद घालणे निरर्थक असते. उत्तर जसेच्या तसे लिहून घेऊन त्यांना जाऊ दिले.

३० जून

आवाराचे उत्पादन एकोणपन्नासांऐवजी अकरांनी भागले. दरडोई उत्पादन चौपटीहून अधिक भरते. एकाही जिवंत माणसाचे काम न जाता उत्पादकता एवढी वाढावी, असे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. मंडळास अंतरिम टिपण पाठवत आहे.

तक्त्यांच्या बेरजा पुन्हा तपासताना दोन चुका आढळल्या, दोन्ही माझ्याच. पूर्वीच्या अहवालांत अशा चुका होत नसत. मर्सेदेस तक्ते टंकलिखित करून देई, आणि तिच्या हातून ते परत येत तेव्हा बेरजा जुळलेल्या असत. पन्नास सालच्या गणनेत मी तिची नोंद 'व्यवसाय नाही' अशी केली होती. व्याख्येप्रमाणे तेच योग्य होते. तिने तो तक्ताही टंकलिखित केला.

१४ जुलै, रविवार

सामाजिक विकासाच्या प्रकरणात वसाहतीतील बिनव्यवसायी स्त्रियांसाठी शिवणवर्गाची शिफारस केली आहे. आठ यंत्रे, दुपारचे तीन तास. पहिले नाव बासिलियाचे घातले आणि तिला तसे सांगितले.

ती चादर पिळत होती. म्हणाली, "दुपारचे तीन तास मी कुठून आणू, डॉक्टर? ढीग काय थांबणारे?"

मी तिला समजावले की कपड्यांचा ढीग रविवारी असतो आणि वर्ग आठवड्यात भरेल. तिने चादरीचे दुसरे टोक माझ्या हातात दिले, कारण पिळण्यास दोन माणसे लागतात. स्त्रियांची प्रशिक्षणाविषयीची अनास्था हा मुद्दा अहवालात घालावा लागेल.

१ ऑगस्ट

मंडळाने टिपण मान्य केले. तारेत 'अनुकरणीय' असा शब्द आहे. आज सकाळी फळ्यावरून अडतीस बिल्ले उतरवून पिशवीत भरले व कार्यालयात जमा केले. डॉन साबिनो यांनी पावतीवर सही करण्यास नकार दिला. चष्मा घरी राहिल्याचे कारण सांगितले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मला समाधान वाटावयास हवे होते. जेवणात गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचे सार होते, ते संपवले.

५ ऑगस्ट

इंजिनिअर उबाल्दो सकाळी न्याहारीच्या मेजावर आले आणि टोपी न काढताच बसले. म्हणाले, गिरणी बंद पडण्याच्या बेतात आहे. निवडणीच्या आवारातून चार दिवसांत दगड जवळजवळ आलेच नाहीत. अकरा माणसे फोडतात, पण तुकडे वेगळे करणारे कोणी नाही. मी म्हणालो, उत्पादन तर त्या अकरांचेच होते. ते म्हणाले, "डॉक्टर, चला माझ्याबरोबर."

आवारात ढीग दुप्पट उंच झालेला. एकही बाई नव्हती. डॉन साबिनो फळ्यापाशी हजेरीवही घेऊन उभे होते. इंजिनिअरांनी त्यांना म्हटले, "सांगा यांना. काल मला सांगितलंत तसं सांगा."

त्यांनी सांगितले ते असे. येथे कायम कामगारांच्या पत्रकात बाईचे नाव चढवत नाहीत. तसा नियम खाण खाजगी असल्यापासून आहे आणि ती सरकारी झाली तेव्हा तो बदलण्याचे कोणास सुचले नाही. माणूस खाणीत मेला की त्याचा बिल्ला फळ्यावरच राहतो. तिसऱ्या दिवशी त्याची बायको सकाळी सहाला येते, बिल्ला उलटा करते आणि त्याच्या जागेवर बसते. कारकून त्याचे नाव पुकारतो, ती हजर म्हणते.

मी विचारले, हे आपण मला जूनमध्ये का सांगितले नाही?

ते म्हणाले, "मी तर म्हटलं, येतो. तुम्ही लिहूनही घेतलंत."

७ ऑगस्ट

काल स्वातंत्र्यदिनाचे संचलन होते. शाळेची मुले, बँड, ध्वज. मी खोलीतच होतो.

माझे अनुमान तपासले. मृत मनुष्य काम करीत नाही, हे विधान सत्य आहे. पत्रकात मृत मनुष्याचे नाव आहे, हेही सत्य. त्यावरून पत्रकातील ओळीमागे कोणीही काम करीत नाही असे मी मानले, ते निष्पन्न होत नव्हते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी उडी घेतली असती तर मी त्यास वर्गाबाहेर पाठवले असते.

सोळा जूनची नोंद काढून वाचली. मी फ्रोइलानच्या जागेवर आहे, डॉक्टर. त्याखाली माझ्याच अक्षरात: व्यवसाय, नाही.

११ ऑगस्ट, रविवार

बासिलिया कपडे धुण्यास आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेलो. वसाहतीच्या सातव्या रांगेत एक खोली आणि चूल. भिंतीवर घर रिकामे करण्याची नोटीस खिळ्याने लावलेली होती. मुदत एकतीस ऑगस्ट. तिची सासू दाराशी उन्हात बसली होती. कोण आलंय, असे तिने विचारले. बासिलिया म्हणाली, "डॉक्टर आलेत. त्यांनीच फ्रोइलानला दुसऱ्यांदा पुरलं." सासूने बाकावर सरकून मला जागा करून दिली.

रेशन दुकानाने एक तारखेपासूनच पाव बंद केला आहे. शेजारणी आपल्यातला अर्धा देतात. चार विधवा मुलांसह सखल प्रदेशात कापूस वेचायला निघून गेल्या, त्यांपैकी दोघींना खाली नातलगही नाहीत. बासिलियाला भाऊ आहे. त्याचे शेत मिठागरांच्या काठाशी आहे आणि शाळा तेथून एक दिवसाच्या वाटेवर. तिची थोरली मुलगी सहावीत आहे.

मी म्हणालो की चूक माझी आहे, आणि ती मी लेखी दुरुस्त करीन. तुम्हा सर्वांची नावे, तुमची स्वतःची नावे, पत्रकात चढतील.

ती म्हणाली, "माझं नाव कशाला? माझ्या नावाला कुणी पाव देत नाही. त्याचं लावा परत."

ते असत्य होईल, असे मी म्हणालो.

"असेल. ते असत्य होतं तोवर आम्ही जेवत होतो, डॉक्टर. तुम्ही खरं केलंत आणि चूल विझली."

मी निघताना तिने चहा विचारला. साखर नव्हती, हे तिने आधीच सांगून टाकले.

१४ ऑगस्ट

मंडळास नऊ पानी निवेदन पाठवले. चूक, तिचे कारण, अडतीस स्त्रियांची पूर्ण नावे, वये, सेवेची वर्षे. त्यांना कायम पत्रकात घ्यावे ही शिफारस. इतके निर्दोष लेखन मी बऱ्याच वर्षांत केले नव्हते. बेरजा चार वेळा केल्या.

२१ ऑगस्ट

मंडळाचे उत्तर: खाणीच्या नियमाप्रमाणे कायम पत्रकात स्त्रिया नसतात, सोबत पाठवलेली नावे स्त्रियांची आहेत, सबब ती नावे कामगारांची असू शकत नाहीत. खालची सही माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची आहे. अनुमानाची मांडणी शुद्ध आहे. ती मी त्याला शिकवली होती.

नियम बदलण्याचा प्रस्ताव पुढील वर्षाच्या बैठकीत ठेवता येईल, असेही लिहिले आहे. नोटिशीची मुदत दहा दिवसांवर आहे.

२३ ऑगस्ट

इंजिनिअर उबाल्दो एक मसुदा घेऊन आले. गिरणी निम्म्याने चालते आहे आणि त्यांना वरून रोज विचारणा होते, तेव्हा त्यांची तळमळ केवळ विधवांसाठी आहे असे मी समजत नाही. मसुदा असा: अंतरिम टिपणात नामसाधर्म्यामुळे घोटाळा झाला, चर्चच्या वहीतील मृत व्यक्ती आणि आवारातील कामगार या भिन्न व्यक्ती आहेत, सबब बिल्ले परत टांगावेत. खाली माझी सही आणि प्रत्येक कामगाराचा नवा अर्ज.

ते म्हणाले, "डोंगरावर एका नावाची दहा माणसं असतात. ला पासला कोण मोजायला येतंय?"

मी विचार करण्यास एक दिवस मागितला. चाळीस वर्षांत मी असत्य विधानाखाली सही केलेली नाही, हे त्यांना सांगितले नाही.

२४ ऑगस्ट

मसुद्यातील विधान तपासले. चर्चच्या वहीतील मृत फ्रोइलान तिकोना आणि आवारात बिल्ला क्रमांक तीनशे सतरावर काम करणारी व्यक्ती, या दोन भिन्न व्यक्ती आहेत.

विधान सत्य आहे.

सही केली.

नामसाधर्म्याचे वाक्य मी मसुद्यातून वगळले. इंजिनिअरांनी ते परत घातले. मी पुन्हा खोडले. तिसऱ्या वेळी त्यांनी सोडून दिले.

२९ ऑगस्ट

मंडळाने चौतीस बिल्ले परत टांगण्यास मान्यता दिली. उरलेल्या चौघी कापसावर आहेत. त्यांचा पत्ता कोणाकडे नाही. पत्रकातील त्या चार ओळी मी कोऱ्या ठेवल्या. कार्यालयाचा शिपाई म्हणाला की कोऱ्या ओळी चालत नाहीत, मारून टाकाव्यात. त्या मारल्या.

अर्ज भरून घेण्यास कार्यालयात मेज लावले. प्रमाणित करणाऱ्याने प्रत्येक कामगारास समक्ष प्रश्न विचारून उत्तरे स्वहस्ते लिहावयाची असतात. बायका भिंतीशी रांगेत उभ्या होत्या. एकीने दुसरीच्या टोपीवरची धूळ झटकली.

तिसरा क्रमांक बासिलियाचा. ती समोर बसली आणि हात शालीत ठेवले.

नाव?

"फ्रोइलान तिकोना."

काम?

"निवडणी. पाच वर्षं. त्याच्या आधी तो आत होता, ती अकरा धरायची का?"

मी सोळा लिहिले.

वय?

"एक्केचाळीस."

लेखणी थांबली. हे कोणाचे वय, असे मी विचारले.

"त्याचं. तो तिथंच राहिला, डॉक्टर. आधी माझ्याहून तीन वर्षांनी मोठा होता. आता मीच मोठी आहे. मला मार्चमध्ये त्रेचाळीस झाली."

दोन व्यक्ती भिन्न असल्याचे मी सही करून सांगितले होते. भिन्न व्यक्तीचे वय भिन्न असते. मी त्रेचाळीस लिहिले.

तिला आकडे वाचता येतात. तिने कागद स्वतःकडे वळवून तो आकडा पाहिला, म्हणाली, "हां," आणि खाली ठसठशीत अक्षरात फ्रोइलान तिकोना अशी सही केली. शाई वाळेपर्यंत बसून राहिली.

मग मी पुढचे नाव पुकारले: एपिफानियो चाम्बी. एक वृद्ध बाई आत आली, हजर म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली.